फिनिक्स परिसरात रॅटलस्नेक दिसण्याची शक्यता किती? घर घेण्याआधी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण नोकरीच्या बदलीनिमित्त पुण्याहून ॲरिझोनामधील फिनिक्स परिसरात राहायला येत आहात. सोबत पत्नी आणि अडीच वर्षांची मुलगी असेल, आणि आई वर्षातून काही महिने येऊन राहतील. भाड्याची दोन घरे आपल्या नजरेत आहेत. एक चॅण्डलरच्या मध्यभागी सपाटीवर आहे, तर दुसरे आवाटुकीत, साउथ माउंटनच्या पायथ्याशी असून त्याचे मागचे कुंपण थेट डोंगराला लागून आहे. दुसरे घर मनात भरले आहे, परंतु तिथे रॅटलस्नेक, म्हणजे शेपटीने खुळखुळा वाजवणारे विषारी साप, निघतात असे कोणीतरी सांगितल्यामुळे आईंनी ते नाकारले आहे. मी या परिसरात वीस वर्षांहून अधिक काळ राहतो आणि त्यातील बराचसा काळ लोकांच्या अंगणातून व गॅरेजमधून साप उचलून पुन्हा वाळवंटात सोडण्याचे काम करत आलो आहे. त्याआधी काही वर्षे पुण्यात सर्पमित्र म्हणूनही काम केले. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

‘फिनिक्समध्ये रॅटलस्नेक दिसतो का’ या प्रश्नाला मुळात एकच एक उत्तर देता येत नाही, कारण इथली शक्यता शहरावर ठरत नाही, ती गल्लीवर ठरते. घराच्या मागच्या भिंतीपासून अखंड, न नांगरलेल्या वाळवंटापर्यंत किती अंतर आहे आणि मध्ये किती रस्ते, भिंती व घरांच्या रांगा आहेत, हे सांगितले की उत्तर बरेचसे देता येते. चॅण्डलरमधील ज्या वस्तीचे वर्णन आपण केले आहे, तिथे दहा वर्षे राहूनही अंगणात एकदासुद्धा रॅटलस्नेक न दिसणे हीच सर्वाधिक संभवणारी गोष्ट आहे. आवाटुकीच्या घरी मात्र एक-दोन वर्षांत एकदा तरी कुंपणापाशी तो दिसेल असे धरूनच चालावे. दिसणे आणि चावणे यांत फार मोठे अंतर आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

पुण्यातून आलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, आणि त्याला कारणही आहे. आपल्याकडे नाग भर वस्तीत निघतो. जुन्या वाड्याच्या जोत्यात, झोपडपट्टीतल्या गटाराच्या कडेला, सोसायटीच्या कचराकुंडीमागे त्याला उंदीर मिळतात, घुशींची आयती बिळे मिळतात, आणि मादी एका वेळी दहा-वीस अंडी घालत असल्यामुळे थोडीशी जागा शिल्लक राहिली तरी त्याचा वंश टिकून राहतो. त्यामुळे ‘साप शहरात कुठेही निघू शकतो’ असे आपले मन सहज मानते. रॅटलस्नेकचा स्वभाव याहून निराळा आहे. तो संथ, एकाच जागेला धरून राहणारा आणि दीर्घायुषी साप आहे. त्याची मादी अंडी घालत नाही, ती जिवंत पिल्ले देते, आणि सुकाळ नसेल तर एखादे वर्ष पिल्लांविनाही जाऊ देते. ठरावीक खडकाळ उतारावर हिवाळा काढायचा, वसंतात ठरावीक वाटेने खाली उतरायचे, उन्हाळा ठरावीक झुडपांच्या आसपास घालवायचा, असे त्याचे आयुष्य वर्षानुवर्षे चालते. त्या वाटेवर सहापदरी रस्ता झाला की काही वर्षांतच त्या बाजूची संख्या संपुष्टात येते. म्हणून वाळवंटापासून तुटलेल्या जुन्या वस्तीत हा साप हळूहळू नाहीसा होतो. नागाला जमते तसे शहराशी जुळवून घेणे त्याला फारसे जमलेले नाही.

चॅण्डलर आणि शेजारचे गिल्बर्ट यांच्या बाबतीत तर हे काम घरे बांधण्याच्या कितीतरी आधी झाले होते. आज जिथे सॉफ्टवेअर आणि चिप उद्योगातील आपली मंडळी राहतात, ती जमीन विसाव्या शतकाचा बराचसा काळ कापूस आणि लसूणघास यांच्या शेतीखाली होती. गिल्बर्ट तर एके काळी ‘जगाची गवताची राजधानी’ म्हणून मिरवत असे. पाटाचे पाणी सोडून वर्षानुवर्षे भिजवलेल्या आणि नांगरलेल्या त्या सपाटीवर बिळे टिकली नाहीत, कपारी तर मुळातच नव्हत्या, आणि रॅटलस्नेकची कायमची वस्ती उरली नाही. नंतर शेतांच्या जागी घरे आली, ती साप नसलेल्या जमिनीवरच आली. याला अपवाद आहेत. चॅण्डलरच्या पश्चिम व दक्षिण कडेला गिला रिव्हर या आदिवासी समुदायाची जमीन लागते आणि तिच्यात मोकळे वाळवंट बरेच आहे. त्या हद्दीलगतच्या गल्ल्यांना मध्यवर्ती चॅण्डलरचा हिशेब लागू होत नाही. क्वचित बागेसाठी मागवलेल्या दगडांच्या किंवा गवताच्या गाडीतूनही एखादा साप येऊन पोहोचतो. परंतु असे अपवाद धरून कोणी घर निवडू नये.

आवाटुकीचे घर याच्या अगदी उलट आहे. साउथ माउंटन हे फिनिक्स महापालिकेचे सोळा हजार एकरांहून मोठे राखीव उद्यान आहे, आणि उद्यान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येते त्या सारसबागेशी त्याचे काहीही नाते नाही. ते खडकाळ डोंगर, कोरडे ओढे, सग्वारो निवडुंग आणि क्रिओसोटची झुडपे असलेले खरेखुरे वाळवंट आहे, फक्त बहुतेक बाजूंनी शहराने वेढलेले. शहराच्या उत्तरेकडचे फिनिक्स माउंटन्सचे राखीव क्षेत्र, स्कॉट्सडेलचे तीस हजार एकरांहून मोठे मॅकडॉवेल सोनोरन राखीव क्षेत्र, केव्ह क्रीक, फाउंटन हिल्स, अँथम, पूर्वेला सुपरस्टिशन डोंगराच्या पायथ्याचे गोल्ड कॅन्यन, पश्चिमेला व्हाइट टँक डोंगराच्या कुशीतल्या नव्या वसाहती, या सर्व ठिकाणी घरांची शेवटची रांग आणि सापांचे घर यांच्यात एका भिंतीचे अंतर असते. माझ्याकडे येणारे बहुतेक दूरध्वनी याच पट्ट्यांतून येतात, आणि त्यातही पहिल्या दोन रांगांतून. तिसऱ्या-चौथ्या रांगेनंतर ते विरळ होत जातात, मात्र वस्तीतून कोरडा ओढा जात असेल तर नाही. इथे अशा ओढ्याला ‘वॉश’ म्हणतात. पाऊस पडला तरच वाहणारी ही वाट वर्षभर कोरडी असते, काठाला पालो व्हर्दे आणि मेस्कीटची सावली असते, आणि सापासाठी ती डोंगरातून वस्तीच्या पोटात शिरणारी पायवाट ठरते. म्हणून घर पाहायला जाल तेव्हा नकाशावर डोंगर तर पाहाच, पण वॉश कुठून कुठे जातो तेही पाहा. घर दाखवणारे दलाल ‘मागे मोकळा वॉश आहे, कोणी बांधकाम करू शकत नाही’ हे घराचे वैशिष्ट्य म्हणून सांगतात. ते खोटे नसते, फक्त अर्धेच असते.

नव्या वसाहतीबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ज्या जमिनीवर नुकतीच घरे झाली आहेत आणि शेजारी अजून यंत्रे खोदकाम करत आहेत, तिथे पहिली काही वर्षे साप अधिक दिसतात, कारण हिवाळ्याची ठरलेली कपार शोधत आलेल्या सापाला त्या जागी कोणाचे तरी गॅरेज सापडते. लोकांना वाटते की साप वस्तीवर चालून आले. प्रत्यक्षात ते आपल्या जुन्या पत्त्यावर आलेले असतात.

आता कोणते साप, याकडे वळतो. ॲरिझोनात रॅटलस्नेकच्या १३ जाती आहेत. अमेरिकेच्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात इतक्या नाहीत, आणि हा आकडा ऐकूनच नवागत घाबरतो. परंतु त्यातील बऱ्याच जाती दक्षिणेकडच्या उंच डोंगरांत किंवा दूरच्या पठारांवर राहतात. फिनिक्सच्या अंगणात जो भेटतो तो बहुतेक वेळा वेस्टर्न डायमंडबॅक असतो. साधारण तीन ते चार फूट लांबीचा, मातकट करड्या रंगाचा, पाठीवर पुसट चौकटी असलेला हा साप शेपटीवरच्या ठसठशीत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमुळे ओळखता येतो. सपाट वाळवंटाच्या कडेला मोहावे रॅटलस्नेक निघतो. त्याच्या शेपटीवर पांढरे पट्टे काळ्यांहून रुंद असतात, परंतु ही ओळख पटवण्यासाठी जितके जवळ जावे लागते तितके जवळ आपण जाऊ नये. मोहावेचे विष काही भागांत मज्जासंस्थेवर परिणाम करणारे असते, तर फिनिक्स आणि टूसॉन यांच्या दरम्यानच्या काही भागांत तीच जात निराळ्या प्रकारचे विष बाळगते. एकाच जातीत प्रदेशागणिक असा फरक असणे ही अभ्यासकांसाठी मोठी कुतूहलाची गोष्ट आहे. खडकाळ डोंगरावर स्पेकल्ड, ब्लॅक-टेल्ड आणि टायगर या जाती राहतात, त्या डोंगर सोडून सहसा खाली येत नाहीत. वाळूवर तिरका सरकत जाणारा साइडवाइंडर पश्चिमेकडच्या रेताड भागात आढळतो.

कुळाने हे सारे आपल्या घोणस-फुरशाचे लांबचे भाऊबंद आणि सह्याद्रीतल्या चापड्याचे जवळचे. चापड्याप्रमाणेच यांच्याही डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये उष्णता ओळखणारा खळगा असतो, ज्यामुळे अंधारातही उंदराच्या अंगाची ऊब त्यांना कळते. घोणस हाताळलेल्या माणसाला डायमंडबॅकची बैठक ओळखीची वाटते. तीच वेटोळी, तोच जाडपणा, आणि आपण दिसणार नाही या भरवशावर तसाच न हलता बसून राहण्याचा हट्ट.

साप दिसला म्हणून आलेल्या दूरध्वनींपैकी पुष्कळांत प्रत्यक्षात गोफर स्नेक निघतो. हा आपल्या धामणीसारखा बिनविषारी आणि उंदरांचा काळ असलेला साप घाबरला की डोके चपटे करतो, मोठ्याने फुत्कारतो आणि वाळक्या पाल्यात शेपटी थरथरवतो, त्यामुळे माहीतगार माणूसही क्षणभर फसतो. तो अंगणात राहत असेल तर राहू द्यावा. काळे-पांढरे कडे असलेला किंगस्नेक दिसला तर आनंदच मानावा, कारण तो रॅटलस्नेकलाही खातो आणि त्याचे विष त्याला फारसे बाधत नाही.

ऋतूचा हिशेब दिवसाच्या हिशेबाइतकाच महत्त्वाचा आहे. साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी साप कपारींत सुस्त पडून असतात. मार्चमध्ये ते बाहेर येऊ लागतात, आणि मार्च-एप्रिल-मे या महिन्यांत, हवा सुखद असताना, ते भरदिवसाही फिरतात. नेमके याच दिवसांत माणसेही सर्वाधिक बाहेर पडतात. जून उजाडला की चित्र पालटते. फिनिक्सचा उन्हाळा किती कडक असतो याची कल्पना २०२३ च्या एका नोंदीवरून येईल: त्या वर्षी सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून वर राहिले. अशा दुपारी उघड्या जमिनीवर सापही तग धरू शकत नाही. त्यामुळे जून ते सप्टेंबर तो संध्याकाळनंतर, रात्री आणि पहाटे बाहेर असतो, व दुपारी मिळेल त्या सावलीत दडलेला असतो. जुलै ते सप्टेंबर या पावसाच्या काळात मादीला पिल्ले होतात आणि ती आईपासून लवकरच पांगतात, त्यामुळे त्या दिवसांत जेमतेम वीतभर-दीड वीत लांबीची पिल्ले अंगणात सापडतात. पिल्लाचे विष मोठ्या सापाहून घातक असते असे इथे सर्रास बोलले जाते. ते खरे नाही, कारण मोठ्या सापाकडे विषाचा साठाच कितीतरी अधिक असतो. परंतु पिल्लालाही विष असतेच, आणि त्याच्या शेपटीला खुळखुळ्याचे जेमतेम एकच कडे, म्हणजे ‘बटण’, असल्यामुळे त्याचा आवाज होत नाही.

आवाजाचा विषय निघाला आहे तर एक गैरसमज दूर करतो. हा साप आधी खुळखुळा वाजवून इशारा देतो, हे चित्रपटांनी सर्वांच्या मनावर ठसवले आहे. माझ्या अनुभवात न वाजवता पडून राहिलेले साप वाजवणाऱ्यांहून जास्त भेटले. लपून राहणे हा त्याचा पहिला बचाव असतो, आणि खुळखुळा म्हणजे लपणे फसल्याची कबुली. शेपटीची ती कडी आपल्या नखांसारख्याच केराटिनची असतात. प्रत्येक वेळी कात टाकली की एक कडे वाढते, परंतु वर्षातून कात एकाहून अधिक वेळा टाकली जाते आणि टोकाची कडी तुटतही असतात, म्हणून कडी मोजून वय काढण्याचा प्रकार निव्वळ मनोरंजनाचा आहे.

चावण्याच्या शक्यतेकडे येतो. संपूर्ण अमेरिकेत वर्षाला सुमारे सात ते आठ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि त्यातून सुमारे पाच मृत्यू होतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाले असावेत, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. आईंची भीती या दुसऱ्या आकड्याच्या देशात तयार झाली आहे, आणि तिथे ती रास्तच आहे. आपल्याकडे शेतात अनवाणी काम करणारा माणूस, जमिनीवर झोपणारे घर, विजेविना अंधार आणि तासन्‌तास दूर असलेले रुग्णालय यांमुळे दंश जीवघेणा ठरतो. फिनिक्समध्ये बहुतेक वस्त्यांपासून प्रतिविष असलेले मोठे रुग्णालय फार लांब नसते. शिवाय इथल्या दंशांचा एक मोठा हिस्सा असा असतो की ज्यात माणसाने साप आधीच पाहिलेला असतो आणि तरीही त्याला काठीने डिवचायला, मारायला, छायाचित्रासाठी जवळ घ्यायला किंवा मित्रांसमोर उचलून दाखवायला तो गेलेला असतो. असे दंश बहुधा हातावर असतात, बळी बहुधा तरुण पुरुष असतो, आणि कधी कधी मद्यही आधीच पोटात गेलेले असते. हा हिस्सा वगळला तर नकळत होणारे दंश उरतात, आणि ते बहुतांशी दोन प्रकारचे असतात: न पाहता घातलेला हात आणि न पाहता टाकलेला पाय.

तुलनाच करायची तर, आपण ज्या परगण्यात येत आहात त्या मॅरिकोपा काउंटीत २०२३ या एका वर्षात उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. आईंना दुपारी बाहेर पडू न देणे, गाडीत मुलीला क्षणभरही एकटे न ठेवणे आणि पोहण्याच्या तलावाला कुलूपबंद कुंपण असणे, या तीन गोष्टी सापापेक्षा कितीतरी आधी येतात. आणि ‘घरात’ काय निघेल असे विचाराल, तर बार्क विंचू निघेल, तोही चॅण्डलरच्या घरातसुद्धा. अतिनील प्रकाशाच्या बॅटरीत तो हिरवट चमकतो, म्हणून रात्री भिंतींवरून एक फेरी मारण्याची सवय इथल्या अनेक घरांत आहे. आईंना हे आत्ताच सांगायचे की नाही, ते आपण ठरवावे.

डोंगरवाटांवरची शक्यता मात्र कोणत्याही घराहून अधिक आहे, आणि आपण चॅण्डलरला राहिलात तरी ती टळणार नाही, कारण इथे येणारा प्रत्येक मराठी माणूस पहिल्या महिन्यातच कॅमलबॅक चढायला जातो. उन्हाळ्यात अतिउष्णतेच्या दिवशी कॅमलबॅक आणि पिएस्टेवा शिखरांच्या वाटा दिवसाच्या तापत्या वेळेत महापालिका बंद ठेवते. त्यामुळे लोक पहाटे किंवा तिन्हीसांजेला जातात, म्हणजे साप बाहेर पडण्याच्या वेळीच. त्यात गैर काही नाही, फक्त विजेरी हवी, कानात गाणी नकोत, वाटेच्या मधोमध चालावे, आणि खडकावर आधारासाठी हात ठेवण्याआधी, बसण्याआधी, ओंडका ओलांडण्याआधी तिथे नजर टाकावी. साप साधारणपणे आपल्या लांबीच्या एक तृतीयांश ते निम्म्या अंतरापर्यंत झेपावतो, म्हणून चार फुटी सापापासून सहा-सात फूट दूर उभा असलेला माणूस सुरक्षित असतो. साप दिसला की मागे सरावे आणि लांबून वळसा घालावा. तो पाठलाग करत नाही. पाठलाग केल्याच्या ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांत बहुधा सापाचे बीळ सांगणाऱ्याच्या पाठीमागे होते.

आता आवाटुकीचे घर. तिथले सर्वांत महत्त्वाचे काम कुंपणाचे आहे. डोंगराचे दृश्य दिसावे म्हणून अशा घरांना मागच्या बाजूला लोखंडी गजांचे कुंपण असते, आणि त्या गजांमधून साप आरामात आत येतो. पाव इंच छिद्रांची जस्ताची जाळी जमिनीत काही इंच पुरून वर सुमारे तीन फुटांपर्यंत गजांना पक्की बांधली की तो मार्ग बंद होतो. ब्लॉकच्या भिंतीला पाणी वाहून जाण्यासाठी तळाशी छिद्रे ठेवलेली असतात, त्यांनाही तीच जाळी लावावी; आणि बाजूच्या फाटकाखालची फट, जी हमखास विसरली जाते, ती रबराच्या पट्टीने बुजवावी. अनेक घरी मी पाहिले आहे की मागे हजारो डॉलरची भिंत असते आणि साप शांतपणे बाजूच्या फाटकाखालून आलेला असतो. घर भाड्याचे असल्यामुळे जाळीचा खर्च कोण करणार, हे करार करण्याआधी मालकाशी लेखी ठरवून घ्या.

दुसरे काम सापाला येण्याचे कारण न देण्याचे आहे. इथे पॅक रॅट नावाचा उंदीर काटक्या, निवडुंगाचे तुकडे आणि मिळेल ते जमवून मोठे घरटे रचतो. असे घरटे कुंपणाला लागून असेल तर साप आज ना उद्या येणारच. पक्ष्यांना दाणे घालण्याची आईंना सवय असेल, तर दाणे सांडतात, दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांवर साप येतात, ही साखळी त्यांना नीट समजावून सांगावी लागेल. लाकडांची रास, रिकाम्या कुंड्या, न वापरलेली खेळणी भिंतीला टेकवून ठेवू नयेत. वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा खोका, तलावाची मोटर आणि पुढच्या दारापाशी असलेली कुंड्यांची ओळ या उन्हाळ्यातल्या दुपारच्या विसाव्याच्या जागा. साप सर्वाधिक वेळा मला तिथेच सापडले आहेत, आणि पुढच्या दारापाशी, हेही लक्षात ठेवा, कारण सारी काळजी मागच्या अंगणाची घेतली जाते. सापाला पळवणारी म्हणून विकली जाणारी भुकटी आणि डांबरगोळ्या यांवर पैसे घालवू नयेत. त्यांनी साप थांबत नाही, आणि लहान मुलीच्या घरात डांबरगोळ्या हाच मोठा धोका आहे.

मुलीला अंगणात एकटे सोडू नये, हे तलावामुळेही लागू आहेच. आईंसाठी दोनच गोष्टी पुरेत. संध्याकाळनंतर बाहेर जाताना बंद बूट आणि हातात विजेरी, आणि तुळशीला पाणी घालण्याआधी कुंडीमागे एक नजर. उन्हाळ्यात तुळस रोज ओली राहते, आणि तप्त अंगणात ओलसर सावली तेवढीच असते.

एवढे करूनही साप अंगणात आलाच, तर मुलीला आत घ्या, लांबून त्याच्यावर नजर ठेवायला एक मोठा माणूस उभा करा आणि साप हलवणाऱ्यांना बोलवा. काही भागांत अग्निशमन दल हे काम करते, अन्यत्र खासगी लोक पैसे घेऊन करतात. आपल्या वस्तीत कोण येते याची चौकशी राहायला आल्याच्या आठवड्यातच करून क्रमांक दारामागे लावून ठेवावा. साप फार दूर नेऊन सोडायला सांगू नये. अनोळखी मुलखात सोडलेला साप कपारी आणि वाटा शोधत भटकत राहतो आणि बहुधा जगत नाही. जवळच्याच वाळवंटात सोडला तर तो जगतो, आणि जाळी लावलेली असेल तर परत आत येत नाही. स्वतः फावडे घेऊन जाऊ नये. पुण्यात नागाला मारायला निघालेल्या माणसांना मी जितक्यांदा थांबवले, तितक्यांदा इथे डायमंडबॅकसाठी थांबवले आहे, आणि हातात फावडे असले की आपण सुरक्षित असतो हा दोन्हीकडचा समज सारखाच चुकीचा आहे. तोडलेले डोकेही काही काळ चावू शकते.

दंश झालाच तर ९११ या आपत्कालीन क्रमांकावर दूरध्वनी करा. आवळून बांधणे, चिरणे, चोखणे, बर्फ लावणे यांपैकी काहीही करू नका. फुरशाच्या दंशाप्रमाणेच इथेही सूज झपाट्याने चढते, म्हणून अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, पैंजण लगेच काढा, अवयव हृदयाच्या साधारण पातळीवर स्थिर ठेवा आणि चालणे टाळा. साप पकडून रुग्णालयात नेण्याची गरज नाही, कारण इथली प्रतिविषे रॅटलस्नेकच्या सर्व जातींसाठी मिळून बनवलेली आहेत. मेंढ्यांपासून बनवलेले क्रोफॅब २००० पासून वापरात आहे आणि घोड्यांपासून बनवलेले ॲनाव्हिप २०१८ पासून. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्यासाठी बनवलेले भारतीय प्रतिविष या सापांवर चालत नाही, म्हणून ते सोबत आणण्याचा विचारही करू नये. एका कुटुंबाने मला तसे विचारले होते. विषबाधेसाठी देशभर चालणारा १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो, आणि त्यावर बोलणारी माणसे सर्पदंशाबाबत खरोखर जाणकार असतात.

पैशाचा मुद्दा उघडपणे कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. प्रतिविषाच्या एका कुपीची किंमत हजारो डॉलरमध्ये जाते, क्रोफॅबच्या पहिल्याच मात्रेला चार ते सहा कुप्या लागतात आणि ॲनाव्हिपच्या दहा. नोकरीतून मिळणारा आपला विमा यातला मोठा भाग उचलेल. आईंसाठी मात्र भारतातून येणाऱ्या पालकांचा जो प्रवासी विमा घेतला जातो, त्यात एकूण मर्यादा पुष्कळदा ५०,००० डॉलर किंवा त्याहूनही कमी ठेवलेली असते, आणि स्वस्त योजनांत प्रत्येक उपचाराला वेगळी छोटी मर्यादा असते. साप, पडून मोडलेले हाड किंवा उष्माघात, कारण कोणतेही असो, अशी योजना पुरत नाही. मर्यादा मोठी आणि उपचारागणिक तुकडे न पाडणारी योजना घ्या. दोनपैकी कोणत्याही घरासाठी हे लागूच आहे.

माझ्या मते, साप हे आवाटुकीचे घर नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, परंतु जाळी नसलेले आवाटुकीचे घर घेऊ नये. आपण जानेवारीत येत आहात, हे सोयीचे आहे: साप बाहेर पडण्याआधी फेब्रुवारीअखेरपर्यंत जाळी, फाटकाची पट्टी आणि पॅक रॅटची घरटी हटवण्याचे काम उरकता येईल. मालक जाळीला नकार देत असेल तर चॅण्डलरचे घर घ्या आणि डोंगर पाहायला साउथ माउंटनवर या. आवाटुकी तिथून गाडीने फार लांब नाही.